ब्लूग्रासने रॉककडून काय घ्यावं? एका ढोबळ प्रश्नाची सोलपट्टी

‘ब्लूग्रास वाजवणाऱ्यांनी क्लासिक रॉकच्या गीतरचनेकडून काय शिकावं?’ कट्ट्यावर हा प्रश्न टाकलात तर संध्याकाळ मजेत जाईल. हाच प्रश्न सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकलात, तर समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारेल, ‘शिकावं म्हणजे नेमकं काय? आणि शिकले की नाही, हे तुम्ही बघणार कुठे?’ तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, विषय शोधताय. म्हणून आज हा एकच प्रश्न घेऊन तो सोलत कसा जायचा ते दाखवते. उदाहरण माझ्या विषयातलं, म्हणजे लोकप्रिय संगीतातलं आहे. पण तुम्ही भाषेत असा, नाट्यशास्त्रात असा, अडचण तीच येते. कॉर्ड वगैरे कळत नसतील तरी बिघडत नाही, सा-रे-ग-म माहीत असलं की भागेल.

आधी ब्लूग्रास म्हणजे काय ते बघू. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला बिल मन्रो (१९११ ते १९९६) हा या संगीताचा जनक मानला जातो. त्याच्या बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, त्यावरूनच पुढे या प्रकाराला नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा, तीन बोटांनी बँजो वाजवणारा तरुण त्या बँडमध्ये आला आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो नाद जमून आला. वाद्यं म्हणाल तर मँडोलिन, बँजो, गिटार, उभा बेस आणि फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवायची ढब वेगळी. ड्रम नाहीत. ड्रमचं काम मँडोलिनवाला करतो. बेसच्या दोन ठोक्यांच्या मधोमध तो तारांवर एक कोरडा, तुटक ‘चक्’ आवाज काढतो. त्याला चॉप म्हणतात. हा चॉप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या प्रकारातलं नेहमीचं गाणं कसं चालतं? कडवं एक जण गातो. ध्रुवपद (ध्रुपद गायकी नव्हे, आपलं साधं पालुपद) दोघं-तिघं मिळून वेगवेगळ्या सुरांत गातात. मग एक वाद्य पुढे येतं आणि तीच चाल आपल्या पद्धतीने खुलवून वाजवतं. याला ब्रेक म्हणतात. पुन्हा कडवं, पुन्हा ध्रुवपद, मग दुसऱ्या वाद्याचा ब्रेक. कॉर्ड बहुतेक वेळा तीनच: सा वरची, म वरची आणि प वरची. कित्येक गाण्यांत कडव्याच्या आणि ध्रुवपदाच्या कॉर्ड सारख्याच असतात, क्वचित चालही तीच असते. कार्टर फॅमिलीने १९३५ मध्ये रेकॉर्ड केलेलं ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ घ्या. ब्लूग्रासच्या बैठकीत हमखास गायलं जाणारं हे गाणं कडव्यात आणि ध्रुवपदात एकाच चालीवर फिरतं.

यावरून ‘हे संगीत रचनेच्या बाबतीत कच्चं आहे’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तिथेच थांबा.

कारण गाण्यात पालट (रुचिपालटातला पालट) कुठून तरी आणावाच लागतो, नाहीतर ऐकणारा उठून जाईल. प्रश्न इतकाच, की तो कुठे ठेवला आहे. ब्लूग्रासमध्ये तो वाजवणाऱ्यांमध्ये ठेवलेला असतो. चाल तीच, पण आत्ता बँजोने वाजवली, आता फिडलने, आता मँडोलिनने. क्लासिक रॉकमध्ये तो गाण्याच्या भागांमध्ये ठेवलेला असतो. कडव्याची चाल एक, ध्रुवपदाची दुसरी, आणि मध्येच ‘ब्रिज’ नावाचा एक तुकडा, जो एक-दोनदा येतो आणि सगळ्याचा रंग बदलून जातो. बीटल्सचं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ (१९६८) ऐका. कडवं मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या छायेत. ब्रिज आला की सा तोच राहतो पण गंधार शुद्ध होतो. सोलो वाजवणारा कुणीही असो, हा उजेड-अंधार गाण्याच्या आतच बांधलेला आहे.

बघा, आपला प्रश्न एक पायरी खाली उतरला. ‘काय शिकावं’ याचं उत्तर मतांत मिळतं. ‘पालट कुठे ठेवला आहे’ याचं उत्तर गाण्यात मिळतं, आणि दोन माणसं वेगवेगळी बसून ते तपासू शकतात.

हे जरा महत्त्वाचं का आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसता शब्दांचा खेळ. पालट वाजवणाऱ्यांवर सोपवला, की गाणं वाजवणाऱ्याइतकंच चांगलं होतं. ज्या बँडमध्ये स्क्रग्ज नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्याच बँडमध्ये, तिथे स्वतः लिहिलेली पाच गाणी लागोपाठ वाजवली की पाचही एकसारखी वाटायला लागतात. वेग तोच, कॉर्ड त्याच, ब्रेकचा क्रमही तोच. नव्या पोरांची ही खरी अडचण आहे. तिच्यावर ‘अजून रियाज करा’ हा एकच उपाय सांगत राहणं मला तरी अपुरं वाटतं.

आता दुसरी बाजू. तीन कॉर्डची, एकाच चालीची गाणी असतात म्हणूनच ब्लूग्रासची जॅम चालते. जॅम म्हणजे गोल करून बसायचं, कुणीतरी गाण्याचं नाव आणि पट्टी सांगायची आणि सुरू. शेजारचा माणूस तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा भेटलेला असला तरी चालतं. आपल्याकडे भजनी मंडळात पाहुणाही टाळ घेऊन बसू शकतो, तसंच. गाण्यात सात वेगळे भाग आणि तीन अनपेक्षित कॉर्ड घातल्या, की हे दार बंद होतं. तेव्हा रॉककडून शिकायला किंमत आहे. ‘फायदा काय’ एवढंच विचारणारा संशोधन-प्रश्न अर्धवट असतो. ‘कशाच्या बदल्यात’ हेही त्यात आलं पाहिजे.

इतिहासात याचा एक सुंदर दाखला आहे, आणि तोही खुद्द मन्रोचा. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे गाणं त्याने १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं, संथ, तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये. १९५४ च्या जुलैमध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये एल्विस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तेच गाणं चार मात्रांत, उसळत्या चालीत म्हटलं. ते त्याच्या पहिल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आलं. आणि मन्रोने काय केलं? त्याच वर्षी त्याने आपलं गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झमध्ये, आणि मग मध्येच चार मात्रांच्या जलद लयीत उडी. त्याने ड्रम घेतले नाहीत, इलेक्ट्रिक गिटार घेतली नाही. घेतला तो पालट, आणि तो ब्रेकमध्ये न ठेवता गाण्याच्या मधोमध बसवला.

परंपरेच्या शुद्धतेवरून भांडणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते. तसंही शुद्धतेचा मुद्दा या संगीतात फार टिकत नाही. बँजो हे वाद्यच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांपासून आलेलं आहे, आणि मन्रो लहानपणी ज्यांच्याकडून शिकला त्यांत आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटारवादक होता. उलट दिशेनेही वाहतूक भरपूर आहे. बर्ड्सचा क्रिस हिलमन आधी ब्लूग्रासमध्ये मँडोलिन वाजवायचा. ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया बँजो वाजवायचा. ईगल्सच्या ‘टेक इट ईझी’ मध्ये (१९७२) मागे जो बँजो ऐकू येतो तो बर्नी लेडनचा, आणि तोही मूळचा ब्लूग्रासवालाच. म्हणजे ‘अ ने ब कडून शिकावं’ या वाक्यात अ आणि ब वेगवेगळ्या घरात राहतात असं जे गृहीत धरलेलं असतं, ते आधी तपासून घ्यायचं. लिटरेचर रिव्ह्यूचं खरं काम हे. नुसती नावांची माळ ओवायची नसते.

आता नमुन्याचा प्रश्न. इथे बरेच जण घसरतात, म्हणून थोडं रेंगाळते.

रॉकच्या कॉर्डवर एक गाजलेला अभ्यास आहे, ट्रेव्हर डी क्लर्क आणि डेव्हिड टेम्परली यांचा, २०११ चा. त्यांनी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या ५०० सर्वोत्तम गाण्यांच्या यादीतून १९५० ते १९९० च्या दशकांपर्यंत प्रत्येक दशकातली वरची २० गाणी घेतली. दोघांनी ही गाणी स्वतंत्रपणे ऐकून कॉर्ड लिहिल्या आणि मग एकमेकांशी ताडून पाहिल्या. निघालं असं, की सा नंतर सगळ्यात जास्त येणारी कॉर्ड म ची आहे, प ची नाही. सा वर परतताना सुद्धा म वरून येणं फार नेहमीचं आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची पुस्तकं प वरून सा वर येणं हा घरी परतण्याचा राजमार्ग मानतात. ब्लूग्रासमध्येही ओळ संपताना तोच मार्ग जास्त कानावर पडतो. त्यामुळे हा अभ्यास वाचून एखाद्याला लगेच वाटेल, चला, ब्लूग्रासने म वरून परतायला शिकावं, झाला प्रबंध!

थांबा. ती यादी कशाची आहे? पन्नास वर्षांत जे तरलं त्याची. ‘क्लासिक रॉक’ हे नावही नंतरचं आहे, १९८० च्या दशकात अमेरिकन रेडिओवर रूढ झालेलं. त्या काळात निघालेली हजारो सुमार गाणी त्यात नाहीत, ती काळाने आधीच गाळून टाकली. आता समोर ब्लूग्रासची कोणती गाणी ठेवणार? सगळ्यात सहज हाताला लागतात ती जॅममध्ये वाजणाऱ्या गाण्यांची पुस्तकं. पण ती पुस्तकं सोपी गाणी निवडूनच बनवलेली असतात! एका बाजूला निवडक उत्कृष्ट, दुसऱ्या बाजूला निवडक सोपं. मग निष्कर्ष काय येणार? ‘रॉक समृद्ध, ब्लूग्रास साधं.’ हे तुम्ही शोधलेलं नाही, नमुना निवडतानाच आत घातलेलं आहे. व्हायवाला एवढं एकच छिद्र पुरतं.

दुसरी गाठ एककाची. गाणं म्हणजे काय मोजायचं? थिओडोर ग्रेसिक याने १९९६ च्या ‘रिदम अँड नॉइझ’ या पुस्तकात असं मांडलं, की रॉकमध्ये मूळ कलाकृती ही रेकॉर्डिंग असते, कागदावरची चाल नव्हे. ब्लूग्रासमध्ये हे इतकं सरळ नाही. तिथे गाणं दर बैठकीत पुन्हा घडतं. मग एकीकडे स्टुडिओत आठवडे घालून घडवलेली रेकॉर्ड आणि दुसरीकडे एका सांगाड्यावरची एका रात्रीची बैठक, यांची तुलना करायची म्हणजे वाड्याची आणि तंबूच्या खांबांची तुलना झाली.

यातून वाट आहे का? एक आहे. एकच गाणं दोन्हीकडे वाजलं असेल तर ती जोडी घ्या. असा साठा तयारच आहे. जिम अँड जेसी या भावांनी १९६५ मध्ये चक बेरीच्या गाण्यांची अख्खी रेकॉर्ड काढली. १९६६ मध्ये चार्ल्स रिव्हर व्हॅली बॉइज या मॅसॅच्युसेट्समधल्या बँडने ‘बीटल कंट्री’ नावाने बीटल्सची गाणी ब्लूग्रासमध्ये आणली. १९७३ च्या ‘ओल्ड अँड इन द वे’ या बँडने रोलिंग स्टोन्सचं ‘वाइल्ड हॉर्सेस’ वाजवलं. गाणं तेच असल्यामुळे पालट कुठून कुठे सरकला ते शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतं. इथेही निवड आहेच, कारण जे गाणं बँजोवर बसेल असं वाटलं तेच लोकांनी उचललं. पण ही निवड तुम्हाला ठाऊक आहे आणि लिहून ठेवता येते. लपलेल्या दोषापेक्षा नोंदवलेला दोष केव्हाही परवडतो.

‘बीटल कंट्री’ मधलं एक गाणं मला या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात बोलकं वाटतं: ‘आय’व्ह जस्ट सीन अ फेस’, बीटल्सचं १९६५ चं. ब्लूग्रासच्या बैठकींत ते आज इतकं रुळलंय की काहींना ते मूळचं तिथलंच वाटतं. कॉर्ड मोजा, फक्त चार. कडवं सा पासून निघतं, मायनर ध वर जातं, मग म, मग प, आणि परत घरी. ध्रुवपद मात्र सा पासून निघतच नाही. ते थेट प वर सुरू होतं आणि म वरून सा वर उतरतं. नवी कॉर्ड एकही नाही. केवळ निघण्याची जागा बदलली आणि ध्रुवपद वेगळं उठून दिसलं. नवखा गिटारवाला दुसऱ्या फेरीत ते पकडतो. म्हणजे पालट गाण्याच्या आत आहे आणि जॅमचं दारही उघडंच आहे.

दुसरं गाणं ‘रॉकी टॉप’. १९६७ मध्ये बूडलो आणि फेलिस ब्रायंट या नवरा-बायकोने टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग गावी ते लिहिलं आणि त्याच वर्षी ऑस्बोर्न ब्रदर्सनी रेकॉर्ड केलं. पुढे १९८२ मध्ये ते टेनेसीचं राज्यगीत झालं. ब्लूग्रास न ऐकणाऱ्यालाही माहीत असलेलं असं हे गाणं. पण हे ब्रायंट दांपत्य कोण? एव्हर्ली ब्रदर्सचं ‘बाय बाय लव्ह’ (१९५७) लिहिणारे हेच. म्हणजे ब्लूग्रासचं सगळ्यात लोकप्रिय गाणं रॉक अँड रोलची हिट गाणी लिहून हात बसलेल्या लोकांच्या पेनातून आलंय. ध्रुवपद ऐका: मायनर ध पासून सुरुवात, मग प, मग अचानक कोमल नी वरची कॉर्ड, मग म. ती कोमल नी म्हणजे रॉकची सहीच. ‘हे ज्यूड’ च्या शेवटी चार मिनिटं जी कॉर्डमाला फिरत राहते, तिच्यातही तीच आहे. ‘रॉकी टॉप’ मध्ये एकूण कॉर्ड पाच, आणि तरी ते जॅममध्ये सर्रास वाजतं.

तिसरी गोष्ट मला कॉर्डपेक्षाही मोलाची वाटते: राखून ठेवणं. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टु हेवन’ (१९७१) सुमारे आठ मिनिटांचं आहे आणि त्यात ड्रम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात. त्या गाण्याला ध्रुवपद असं नाहीच, ते नुसतं चढत जातं. ब्लूग्रास बँड बहुधा पहिल्या मात्रेलाच सगळ्या वाद्यांनिशी तुटून पडतो. आता तो चॉप आठवा. ड्रम नाहीत तर राखून काय ठेवणार, असं कुणी म्हणेल. चॉप राखून ठेवा. पहिलं कडवं नुसत्या गिटारवर होऊ द्या, बेस ध्रुवपदाला आत येऊ द्या, चॉप दुसऱ्या कडव्याला. गाण्याची एकही कॉर्ड बदलली नाही, जॅममध्ये ते पूर्वीसारखंच वाजेल, आणि मंचावर मात्र त्याला चढ मिळेल. हा धडा फुकटात पडतो, म्हणून माझ्या मते पहिला घ्यावा. भारी ब्रिज वगैरे नंतर.

आणखी एक धागा सोडून देते, कुणाला हवा तर उचला. टेम्परलीचाच २००७ चा एक लेख आहे, रॉकमध्ये चाल आणि कॉर्ड यांची जी फारकत होते त्यावर. कडव्यात गायकाचे सूर खालच्या कॉर्डशी फटकून वागतात आणि ध्रुवपदात दोघं जुळतात, असा एक नमुना त्याने दाखवलाय. कडवं सैल, ध्रुवपद घट्ट. ब्लूग्रासचं ध्रुवपद तीन आवाजांत गायचं म्हटल्यावर ते कॉर्डच्या सुरांवर बसणारच, म्हणजे घट्ट. कडवं एकट्याचं, त्याला सैल सुटायची मोकळीक आहे. तेव्हा रॉकने जे साधलं ते ब्लूग्रासमध्ये गायकांची संख्या बदलून आधीपासूनच साधलं जात असेल, असं गृहीतक मांडता येईल. खरं ठरलं, तर ‘शिकावं’ हा शब्द तेवढ्यापुरता रद्द करावा लागेल.

एवढं सोलल्यावर प्रश्न असा उरतो: गाण्याच्या आत किती आणि कोणत्या प्रकारचा पालट घातला, तरी ते अनोळखी माणसांच्या बैठकीत पेललं जातं? याचं उत्तर रेकॉर्ड ऐकून मिळणार नाही. बैठकीला जाऊन बसावं लागेल, गाणं कितव्या फेरीला सगळ्यांच्या हातात आलं ते टिपावं लागेल, कोणत्या कॉर्डला अर्धी माणसं थबकली ते लिहावं लागेल. रेकॉर्डिंग करायचं असेल तर वर्तुळातल्या प्रत्येकाची संमती लागेल, आणि जॅममध्ये माणसं येत-जात असतात, म्हणजे ती दर वेळी नव्याने घ्यावी लागेल. संमतीचा अर्ज नैतिकता समितीकडे लवकर टाका, आणि दरम्यान त्या कव्हर गाण्यांच्या दहा जोड्या काढून मित्राला बसवा. तुम्ही वेगळं ऐका, त्याने वेगळं ऐकावं, मग दोन्ही वह्या उघडा.